सहा किलोमीटरवरची टाकी

३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

आशीर्वाद. भांडण चालू असलं तरी ते ठेवून घे, परत पाठवायची सोय नाही.

आई बरी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनला आता साडेचार महिने झाले. मी कामावर गेले की ती काठीशिवाय घरभर फिरते आणि मी आले की काठी हातात घेते, असा मला संशय आहे. परवा मुद्दाम अर्धा तास लवकर आले, तर काठी स्वयंपाकघरात आणि आई गॅलरीत. विचारलं तर म्हणाली, तुझ्या घरात यायचं तर देवालाही ओळखपत्र दाखवावं लागेल. तुझी चौकशी करत होती. तुझं छान चाललंय असं मी सांगितलं. ते खोटं आहे हे तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मला.

फोन न करता पत्र का, तर ऑफिसातल्या फोनला ऐकायला तीन जोड-फोन आहेत आणि घरातल्या फोनला आई. शिवाय मागच्या खेपेला फोन मी आपटला होता, त्यामुळे आता पहिला फोन करायला मला जड जातंय.

मुद्द्यावर येते. वीस तारखेला तुझी शेवटची सुनावणी आहे आणि तुझा विमान चालवायचा परवाना राहणार की जाणार ते त्यात ठरणार, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तिने मंगळवारी फोन केला होता. आधी आईचा गुडघा, मग माझी झोप, मग माझं ब्लडप्रेशर. लग्नाला आठ वर्षं झाली, माझ्या ब्लडप्रेशरची आठवण तिला आजवर झाली नव्हती. एवढ्या गोड आवाजात ती बोलायला लागली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून सरळ विचारते. चौकशी समितीपुढे तू माझं नाव घेतलंस का?

तुला सगळं माहीत आहे, तरी मी ते एकदा क्रमाने लिहून काढते, कारण हल्ली जो तो ही गोष्ट आपल्याला हवी तशी सांगतो. आमचा विमानतळ म्हणजे चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये जरा सपाटी. विमानाला आत यायला एकच खिंड. त्या खिंडीत शिरायचं तर दृश्यता पाच किलोमीटरच्या वर हवी, म्हणजे धावपट्टीपाशी उभं राहून पाच किलोमीटरवरची वस्तू नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवी. तो आकडा हवामान निरीक्षक म्हणून मी देते. खिंड ओलांडून नदीवरचा लोखंडी पूल आला की वैमानिकाला धावपट्टी दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर तिथल्या तिथे उजवीकडे वळून वर चढायचं, कारण विमान वळेल एवढी रुंद दरी तेवढ्याच जागी आहे.

चौदा ऑक्टोबरला सकाळी मी सहा किलोमीटर दिले. तू पुलावर आलास, धावपट्टी दिसली नाही, आणि तू वळला नाहीस. अकरा सेकंद सरळ येत राहिलास. मग वळलास तेव्हा कडा इतका जवळ आला होता की विमानातलं यंत्र 'वर घ्या, वर घ्या' म्हणून ओरडत होतं. आत चव्वेचाळीस माणसं होती. सगळी धडधाकट परत गेली.

समितीचं म्हणणं असं की सहा किलोमीटर दिसत होतं तर पुलावरून धावपट्टीही दिसतच असणार. म्हणजे वैमानिकाने नीट पाहिलं नाही आणि आता धुक्याच्या नावाने खडे फोडतोय. त्या संध्याकाळी तू फोन करून एकच वाक्य बोललास. "ताई, तू बाहेर जाऊन पाहिलं होतंस ना?"

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. सव्वीस वर्षं मी हे काम करतेय. खिडकीतून पाहून आकडे टाकणारे निरीक्षक मी पाहिलेत, चहाचा कप हातात धरून टाकणारेही पाहिलेत. मी दर अर्ध्या तासाला बाहेर जाते. ऑफिसच्या मागे सिमेंटचा चौथरा आहे, त्यावर उभी राहते आणि खुणा बघते. हँगरचा कोपरा चारशे मीटर, पाण्याचा पंप दीड किलोमीटर, वीटभट्टीची चिमणी तीन, आणि खिंडीच्या बाजूची डोंगरावरची पांढरी टाकी सहा. या खुणांचा तक्ता भिंतीवर फोटोसकट लावलेला आहे. जी सगळ्यात लांबची खूण दिसेल तिचा आकडा वहीत लिहायचा आणि पुढे 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून सही करायची. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही आकड्यावर लाल शाई आलेली नाही.

त्या दिवशी मी बाहेर गेले होते. टाकी दिसली होती. यापलीकडे मला काही सांगायचं नाही.

आता एक वेगळी गोष्ट. आमच्याकडचा दुसरा निरीक्षक, मी ज्याला मौनी म्हणते तो, माझ्या मागे काहीतरी करतोय. वर्षभरात तो शंभर शब्द बोलला असेल तर शपथ. पण महिनाभर झाला, त्याची पाळी संपली तरी तो घरी जात नाही. दुर्बीण घेऊन चौथऱ्यावर उभा राहतो आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहितो. मी गेले की वही खिशात. काल त्याला विचारलं, काय लिहिता? तर म्हणाला, "पक्षी." आमच्या विमानतळावर कावळ्यांशिवाय पक्षी नाही. हा माझ्याविरुद्ध काहीतरी जमवतोय यात मला शंका नाही.

उत्तर दे. एका शब्दात दिलंस तरी चालेल.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

आशीर्वाद आहेतच.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'ताई, काळजी करू नकोस. आईला नमस्कार.' मी विचारलं काय आणि तू लिहितोस काय. ज्याने काही केलेलं नाही त्याला काळजी करू नकोस असं कोणी सांगतं का? आणि पोस्टकार्ड कशाला? ते इथपर्यंत येताना किती जणांनी वाचलं असेल? आईने तर वाचलंच. वाचून म्हणाली, भुंग्याचं अक्षर लहान झालंय. तू चार वर्षांचा असताना दोन्ही हात पसरून घूं घूं करत घरभर फिरायचास आणि सारखा कपाटावर आदळायचास, तेव्हा मी पुढे उभी राहून 'वळ, वळ' म्हणायचे, ते तिला आठवलं होतं. मला आठवलं नव्हतं, तिने सांगितल्यावर आठवलं.

मौनीचं काय झालं ते सांगते. गुरुवारी दुपारी पाळी संपल्यावर त्याने स्कूटर काढली आणि घराच्या उलट दिशेला गेला. मीही माझी स्कूटर काढली. बावन्न वर्षांची बाई हेल्मेट घालून माणसाचा पाठलाग करतेय, हे तुझ्या बायकोला सांगू नकोस. तो अगदी सावकाश चालवत होता आणि दर वळणावर थांबून वाकून स्कूटरच्या मीटरकडे बघत होता. वीटभट्टीच्या अलीकडे त्याने कच्चा रस्ता धरला आणि छोट्या टेकडीवर चढला. मी खाली दम खात थांबले आणि मग वर गेले.

वर पांढरी टाकी होती.

मौनी तिच्या सावलीत उभा होता. मी आले याचं त्याला काही नवल वाटलं नाही. त्याने वही पुढे केली. तिच्यात पक्षी नव्हते, आकडे होते. चौथऱ्यापासून ती टाकी दोन किलोमीटर आठशे मीटर.

आता नीट वाच. तक्त्यावरची टाकी सहा किलोमीटरवर, मागच्या मोठ्या डोंगरावर आहे. ती जुनी. ही नवी, पुढच्या टेकडीवर, बरोबर त्याच रेषेत. चौथऱ्यावरून बघितलं तर नवी टाकी जुनीला अगदी झाकून टाकते, आणि जवळ असून लहान असल्यामुळे दिसते जुनीएवढीच. दोन्हीच्या मागे डोंगरच, त्यामुळे उंचीतला फरकही कळत नाही. खालच्या वस्तीच्या पाण्यासाठी ती सप्टेंबरच्या शेवटी बसवली. तयार आणली आणि क्रेनने उचलून ठेवली, दोन दिवसांचं काम. तेव्हा मी आईच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर होते. बारा ऑक्टोबरला परत आले. चौदाला तुझं विमान.

विमानतळाजवळ उंचावर काही उभं करायचं तर आमच्या वरच्या कचेरीला कळवावं लागतं. टाकीवाल्यांनी म्हणे कळवलं होतं. वरच्या कचेरीत तो कागद कोणाच्या टेबलावर पडला आणि कोणी त्यावर वजन म्हणून पंचिंग मशीन ठेवलं, हे शोधून काढायला हवं. मला एकदोघांची दाट शंका आहे. विमानाच्या वाटेत ती टाकी येत नाही, तेव्हा आम्हाला सांगायची गरज नाही असंही कोणीतरी ठरवलं असणार. आमच्या खुणांचा विचार कोण करतो?

साफ हवेत आम्ही टाकीकडे बघतसुद्धा नाही, सरळ दहाच्या वर लिहून मोकळे होतो. टाकीचं काम पडतं ते धुरकट हवेत. त्यात पांढरा ठिपका दिसला की सहा. एवढ्या वर्षांची सवय.

हे मी योग्य वेळी साहेबांच्या कानावर घालेन. घाईघाईत बोलून उपयोग नाही, आधी सगळे कागद जमवले पाहिजेत. वीसच्या आत जमतील असं नाही. तू जेवतोस ना वेळेवर?

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

मागचं पत्र तू जपून ठेवलं असशील तर पुन्हा वाच. त्यात एक ओळ खोटी नाही, आणि तरी ते सगळं पत्र खोटं आहे.

गुरुवारी मी त्या टेकडीवर पहिल्यांदा गेले नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस जोराचा वारा सुटला होता आणि हवा लख्ख झाली होती. मी चौथऱ्यावर उभी होते. बघायची गरज नव्हती तरी टाकीकडे पाहिलं, आणि तिच्यावर चढायची शिडी दिसली. शिडीचे आडवे गज मोजता येत होते. सहा किलोमीटरवरच्या टाकीची शिडी मी सव्वीस वर्षांत कधी पाहिली नव्हती. त्याच दिवशी कामावरून सुटल्यावर एकटी गेले. वर पोचले, टाकीला हात लावला. मागे वळून पाहिलं तर जुनी टाकी दूर डोंगरावर तशीच उभी होती. मी तिथेच मातीत बसले.

तेव्हा तुझं उडणं थांबवून तुला जमिनीवर बसवून दोन महिने होत आले होते. मी त्याच दिवशी येऊन साहेबांना सांगितलं असतं तर तुझी चौकशी तिथेच वळली असती. मी सांगितलं नाही. नंतर अडीच महिने नाही. घरी आले, हातपाय धुतले आणि आईला चहा दिला.

कारण विचारशील तर माझ्याकडे मोठं कारण नाही. मला वाटलं की इतकी वर्षं मी इतरांच्या चुका काढल्या, खिडकीतून बघणाऱ्यांना चारचौघांत बोलले, आणि आता ते सगळे माझ्या वहीतली ती ओळ बघायला येतील. आणखी खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता. 'बाहेर जाऊन पाहिलं होतंस ना' या प्रश्नाचा. मी बाहेर गेले होते, आणि त्या 'हो'च्या आड मी चार महिने बसून राहिले. खरं बोलूनही माणसाला लपता येतं हे मला माहीत नव्हतं.

मी एकच केलं. दुसऱ्या दिवशी कोणी नसताना तक्त्यावरच्या टाकीच्या फोटोवर पेन्सिलीने बारीक फुली मारली. माझ्या पाळीत मी टाकी सोडून दिली आणि चिमणी दिसली तर तीनच लिहायला लागले. दुसऱ्याच्या पाळीत काय होईल याचा विचार केला की मी स्वतःला सांगायचे, फुली आहे ना. दिवसाला दोन विमानं, प्रत्येकात चाळीसेक माणसं, आणि मी पेन्सिलीच्या फुलीवर भिस्त ठेवून घरी येऊन झोपत होते. संशय घ्यायचा तर त्या काळात एकाच माणसाचा घ्यायला हवा होता, आणि मी तो सोडून सगळ्यांचा घेत होते. तुझ्या बायकोचासुद्धा. ती खरंच माझी काळजी करत होती. तिची माफी मी वेगळी मागेन.

मौनीला फुली दिसली होती. गुरुवारी टाकीखाली तो काय बोलला ते मी तुला लिहिलं नाही. तो म्हणाला, "फुली कोणाची ते मला कळलं होतं. एवढी टोकदार पेन्सिल ऑफिसात एकाच माणसाकडे आहे." मग तो म्हणाला, "तुम्ही रजेवर असताना माझ्या नऊ पाळ्या याच टाकीवर गेल्या. मीही घाबरलो. तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो." फुली दिसल्यापासून त्यानेही टाकी सोडली होती, म्हणून पुढे काही झालं नाही. ते आमचं शहाणपण नव्हे, नशीब. महिनाभर आम्ही दोघं एकाच चौथऱ्यावर एकमेकांवर नजर ठेवून मूग गिळून उभे होतो.

तेवढ्यानेही मी बोलले नसते. मागचं पत्र बघ ना, 'कागद जमवते' म्हणाले होते.

शुक्रवारी साहेबांनी मला बोलावलं आणि समितीची फाईल दिली. हवामान विभागाचा अभिप्राय लिहायचा होता, आणि सगळ्यात जुनी निरीक्षक म्हणून तो मीच लिहायचा होता. फाईलमध्ये तुझी जबानी होती. मी दार लावून घेतलं आणि माझं नाव शोधायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. बोट ठेवून वाचत होते. प्रश्न चौदावा: धावपट्टी दिसत नसताना अकरा सेकंद का थांबलात? तुझं उत्तर: 'माझा अंदाज चुकला. दुसरं कारण नाही.' खाली तुझी सही. आई म्हणते ते खरं आहे, तुझं अक्षर लहान झालंय.

भुंग्या, मला कारण माहीत आहे. निघायच्या आधी तू नेहमी आमच्या टॉवरवाल्यांना विचारतोस, आज खाली कोण आहे. त्यांनी सांगितलं असणार, तुमची ताई आहे. पुलावर धावपट्टी दिसली नाही तेव्हा तुला वाटलं, ताईने सहा दिलेत म्हणजे आत्ता दिसेल. तू अकरा सेकंद माझ्यासाठी थांबलास. आणि चार महिने तेच कारण पोटात ठेवलंस, म्हणून 'काळजी करू नकोस' एवढंच लिहिलंस. मी तुझ्यावर नाव घेतल्याचा आळ घेत होते आणि तू तिथे स्वतःच्या हाताने स्वतःचा परवाना कापत होतास. मी फाईलवर डोकं टेकून रडले. सव्वीस वर्षांत ऑफिसात पहिल्यांदा.

काल मी समितीच्या कचेरीत स्वतः जाऊन निवेदन दिलं. पहिल्या परिच्छेदात चौदा ऑक्टोबर, दुसऱ्यात डिसेंबर. डिसेंबर गाळून निवेदन लिहिता आलं असतं, पहिला खर्डा तसाच होता, तो फाडला. मौनीने शेजारी स्वतःचं निवेदन आणि मोजमापं जोडली. पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. नक्कल शंभर टक्के मूळ कागदासारखी आहे, मी दोनदा ताडून पाहिली. तक्ता भिंतीवरून उतरवलाय. माझ्या हातातून वही काढून घेतली आहे आणि पुढचं कळेपर्यंत मी घरी आहे. चौदा तारखेच्या ओळीवर लाल शाईची रेघ आली. साहेबांनी ती मारली, पट्टी मीच धरली.

आईला सगळं सांगितलं. ती काठी न घेता उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, आता त्याला फोन कर. मी म्हटलं, आधी पत्र जाऊ दे.

वीस तारखेला चौदाव्या प्रश्नाचं उत्तर बदल. माझं नाव घे. समितीने विचारलं की दुसऱ्याच्या आकड्यावर थांबणं बरोबर होतं का, तर नव्हतं म्हणून सांग, कारण ते नव्हतंच. तेवढी चूक तुझी आहे आणि ती तुझ्याकडेच राहू दे. पुन्हा त्या दरीत आलास तर पुलावर धावपट्टी दिसली नाही की वळायचं. खाली ताई असो नाहीतर कोणीही असो, वळायचं. लहानपणी मी पुढे उभी राहायचे, तिथे आता मी नसते.

सुनावणीच्या खोलीबाहेर बाकडं आहे, काल पाहून आले. मी सकाळपासून तिथे असेन. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

प्रत्यक्ष पाहून,
तुझी ताई